दर घरी एक चष्मा

माझ्या साडूंइतका विसरण्याला घाबरणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्या भीतीपोटी त्यांच्याइतके विसरणाराही झाला नाही. वस्तू माणसाबरोबर फिरली की हरवते, म्हणून ती जिथे लागते तिथेच असली पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. परिणामी ज्या ज्या घरी त्यांचे जाणे-येणे असे, तिथे त्यांचा एकेक संसार मांडलेला असे. माजलगावला आमच्याकडे त्यांची लुंगी, अडकित्ता, दाढीचे सामान आणि चष्मा. आष्टीला बहिणीकडे तेच. कपिलधारला दर्शनाला जात, तर तिथल्या फुलवाल्याकडेसुद्धा एक चष्मा ठेवलेला. “पिशवी घेऊन हिंडायला मी काय पोस्टमन हाय?” असे ते विचारीत.

पुढे त्यांच्या डोळ्यांचा नंबर वाढला. त्यांनी नवा चष्मा केला तो स्वतःच्या घरचा. आमच्या कोनाड्यातला तसाच राहिला. पुढच्या रविवारी ते आमच्या ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसले आणि थोड्याच वेळात छपाईवर घसरले. “शाई वाचवायलेत हे लोक. खुलं धोरण आलं अन् अक्षरं फिकी झाली.” माझी पत्नी आतून म्हणाली, “पाव्हनं, अक्षरं न्हाई, डोळे फिके झालेत.” त्यांनी ते मानले नाही. उलट आमच्याकडे येणारे वर्तमानपत्र आम्हाला बदलायला लावले.

आम्ही दोघे एकाच साखर कारखान्यात होतो. मी वजनकाट्याचा प्रमुख. साडू भांडारात कारकून होते. संगणक आला तेव्हा औरंगाबादला शिकून आले आणि कारखान्याचे प्रोग्रॅम तेच लिहू लागले. काट्याचा एक, ऊसबिलाचा एक, तोडणीचा, वाहतुकीचा, असे निरनिराळे सहा. या सर्वांना एक हिशेब सारखाच लागे: भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून उसाचे निव्वळ वजन काढणे. असा सामायिक हिशेब एकाच फाईलमध्ये लिहावा आणि सर्व प्रोग्रॅमांनी तिथूनच घ्यावा, असे त्यांना शिकवले गेले होते. साडूंनी मात्र प्रत्येक प्रोग्रॅमच्या कप्प्यात त्या फाईलची स्वतंत्र प्रत ठेवली. मी कारण विचारले. “साडूभाऊ, बिलवाल्यानं काटेवाल्याच्या घरी मीठ मागायला कावून जायचं?” या उत्तराने माझे समाधान झाले, हे मला नमूद केले पाहिजे.

त्या हिशेबात दहाच्या पटीवरचे सुटे किलो सोडून दिले जात. मला ते न्यायाचे वाटले नाही. मी साडूंना तसे सांगितले आणि ते तत्काळ काट्यावर येऊन दुरुस्ती करून गेले. त्या दिवसापासून पावतीवर किलोन् किलो उमटू लागला. मी समाधानी होतो.

पंधरवड्याची बिले निघाली आणि काट्यासमोर शेतकरी जमले. पावतीवर जे वजन होते, ते बिलात नव्हते. प्रत्येक खेपेला थोडे कमी, आणि कोणाचेही जास्त नाही. काटा मारल्याचा आळ यायला एवढे पुरे होते. पांढरा फेटा बांधलेले एक वृद्ध बागाईतदार पुढे आले. “कावून वो काटेवाले, आमचा ऊस काट्यावर जड अन् बिलात हलका? तुमच्या कागदावर वाळतो का काय?” लोक हसले. ते हसणे मला शिवीपेक्षा जड गेले. कारखान्याचे अध्यक्ष आले होते. मला काट्यावरून उठवण्याचा त्यांचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. उभी नोकरी मी ज्या एका गोष्टीवर काढली, ती त्या अंगणात जायला निघाली होती.

साडू कार्यालयातून धावत आले. डोळ्यांवर चष्मा नव्हता, कारण तो कार्यालयाचा होता. क्षणभर त्यांनी पावती आणि बिल डोळ्यांजवळ धरले.

“ह्यांना कावून बोलताव?” ते ओरडले. “चोर म्हनायचं तर मला म्हना. ह्यांनी सांगितलं म्हून मी काट्याचा हिशेब नीट केला. बिलाकडं तीच फाईल जुनी ऱ्हायली. इसरलो मी.”

“म्हंजी एका कारखान्यात दोन मापं?” वृद्ध म्हणाले.

“दोन न्हाईत,” साडू म्हणाले, “सहा हायेत.”

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. फेटेवाले मात्र इतके हसले की त्यांना काट्याच्या कठड्याला धरावे लागले. “लई खरा मानूस हाय,” ते म्हणाले, “आपल्याच अंगावर मापं मोजून घेतो.” बिले नव्याने निघाली. मी काट्यावर राहिलो. साडूंची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. त्या हंगामात ती झाली नाही. याविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. फक्त सहा फायलींची एक केली, आणि चष्म्याला दोरी बांधून तो गळ्यात अडकवला. त्यानंतर तो चष्मा त्यांच्याबरोबर सगळीकडे गेला आणि एकदाही हरवला नाही.

मी त्यांचे आभार मानले नाहीत. साडूचे आभार मानण्याची आमच्यात रीत नाही, आणि असती तरी मला ते जमले असते असे वाटत नाही. पुढच्या रविवारी मी जुने वर्तमानपत्र पुन्हा सुरू केले. त्यांनी ते उघडले, गळ्यातला चष्मा लावला आणि म्हणाले, “छपाई सुधारली हो ह्यांची.” मी होय म्हणालो.

आता साडू नाहीत. कोनाड्यातला चष्मा आहे. तो माझ्या नंबरचा नाही, आणि शेवटी त्यांच्याही नंबरचा राहिला नव्हता. रविवारी वर्तमानपत्र आले की मी प्रथम त्याच्या काचा पुसतो.