अर्ध्या बाई आणि पांढरं दार

अर्ध्या बाई आमच्या शाळेत आल्या त्या दिवशी पहिल्याच तासाला खिडकीतून वीट आली. वीट आमच्याकडे अधूनमधून येते, पण नव्या माणसाचं स्वागत तरी असं व्हायला नको होतं, असं मुख्याध्यापिकांनाही वाटलं. काच फुटायच्या आधीच तिसरीची सगळी पोरं बाकाखाली गेली होती. उभ्या राहिल्या त्या फक्त बाई. हातात खडू, केसांत काचा आणि मागे फळ्यावर नुकताच लिहिलेला 'ससा'.

"बाई, खाली या ना," बाकाखालून एक आवाज आला. "दुसरी पण असते."

दुसरी आली. ती भिंतीवरच्या नकाशावर बसली आणि एक अख्खा समुद्र फाटला.

बाई शिक्षक होण्याचं शिकत होत्या आणि पाच आठवडे आमच्याकडे सरावाला होत्या. "मी अजून पूर्ण शिक्षिका झालेली नाही," असं त्यांनी वर्गाला सांगून टाकलं. इतकं खरं वर्गात बोलू नये, हे कॉलेजात शिकवत नसावेत. मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव 'अर्ध्या बाई' पडलं.

त्यांचे वडील शिंपी. तोंडात टाचण्या धरून शिवायचे. लहानपणी ही पोरगी मशीनशेजारी बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची. ती अडली तरी त्यांना शब्द सांगता यायचा नाही, नुसती मान हलवायचे. "मी वाचायला शिकले ती त्या टाचण्यांमुळे," बाई म्हणायच्या. कॉलेजच्या मॅडमनीही तेच शिकवलं होतं, फक्त टाचण्यांशिवाय: मूल अडलं की मनात पाच मोजायचे, तोंडात शब्द कोंबायचा नाही. शिवाय एक जाड वही दिली होती. निम्म्या वहीत पाच मुलांच्या वाचनाची नोंद करायची आणि निम्म्या वहीत परिसराची.

आमचा परिसर म्हणजे दोन गल्ल्या आणि मध्ये शाळा. एका गल्लीत वेल्डर, दुसरीत भंगारवाले. एकजण लोखंड जोडतो, दुसरा तोडतो, एवढं कारण हाणामारीला पुरेसं असावं, कारण दुसरं कुणाला आठवत नाही. काही म्हातारे एका हातगाडीच्या चाकाचा विषय काढतात. पण ते चाक कोणाचं होतं यावरून पुन्हा दोन दात पडतात आणि विषय तिथेच राहतो.

मात्र न सांगता मारणं दोन्ही गल्ल्यांत चोरटेपणाचं समजतात. त्यामुळे सकाळी शाळा भरायच्या आत आमच्या कुंपणाच्या भिंतीवर चुन्याने मजकूर येतो: 'आज साडेपाच. बेकरीमागे. डोकी फुटतील.' शाळा सुटली की पोरं भिंतीपुढे उभी राहतात, वाचतात आणि त्या हिशोबाने घरचा रस्ता धरतात. ज्या पोरांचा पुस्तकातला ससा तीन दिवसांत उडी मारेना, ती पोरं 'बरगड्या' हा शब्द घडाघडा वाचताना बघून बाईंनी वहीत दोन पानं भरली.

वाचत नव्हती ती एकटी चिमणी. वय आठ, आवाज नावाला शोभेल असा. ती भिंतीकडे बघायचीच नाही. सातवीतल्या ताईचा फ्रॉक मुठीत धरायची आणि ताई वळेल तिकडे वळायची. तिचं वाचन म्हणजे तो फ्रॉक. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी भिरकावलेली सोड्याची बाटली ताईच्या कोपरावर फुटली. हाड मोडलं. ताई दोन महिन्यांसाठी घरी बसली आणि चिमणीच्या मुठीत काही राहिलं नाही.

"मी सोडते तिला रोज," अर्ध्या बाई स्टाफरूममध्ये आम्हा शिक्षकांना म्हणाल्या.

"आणि तुम्ही गेल्यावर?" मी विचारलं.

"तोवर ती वाचायला लागेल."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला त्यांची काळजीच वाटली.

पहिल्या दिवशी भिंतीवर होतं: 'पाच वाजता. पांढरं दार.' आणि खाली वेल्डरांच्या आयाबहिणींचा उद्धार. असले शब्द लहान मुलीच्या कानावर नकोत म्हणून बाईंनी सगळं मनातल्या मनात वाचलं आणि चिमणीचा हात धरून निघाल्या. वाटेत एखादं पांढरं दार दिसतंय का, हे बघत बघत. पांढरं दार कुठेच नव्हतं. कोपऱ्यावर एक मोठं निळं दार होतं. बाई निश्चिंत मनाने तिकडे वळल्या.

ते दार दहा वर्षांपूर्वी निळं झालंय. पण आमच्याकडे ते पांढरंच.

वळल्या तेव्हा एक माणूस दुसऱ्याची कॉलर धरून त्याचं डोकं दुकानाच्या शटरवर आपटत होता. एका लयीत, कपडे धुतल्यासारखं. कुणीतरी ट्यूबलाइट फोडली, तिची पांढरी पूड एकाच्या डोळ्यांत गेली आणि तो दिसेल त्याच्यावर साखळी फिरवू लागला. दिसत त्याला काहीच नव्हतं. साखळी आपल्याच भावाच्या कानावर बसली आणि कान अर्धा लोंबायला लागला. चिमणीला घेऊन बाई हातगाडीखाली शिरल्या आणि तिच्यावर पालथ्या पडल्या. तेवढ्यात गोफणीतून सुटलेला एक लोखंडी नट त्यांच्या भुवईवर बसला. चष्मा गेला. डोळ्यांत रक्त उतरलं. हातगाडीवर काहीतरी जड येऊन पडलं आणि कण्हायला लागलं. तो तोंडावर पडलेला एक वेल्डर होता. फळ्यांच्या फटीतून त्याचं रक्त बाईंच्या मानेवर ठिबकत होतं आणि तो मध्येच म्हणाला, "कोण आहे खाली?"

"तिसरीच्या बाई," बाई म्हणाल्या.

"सॉरी बाई," तो म्हणाला, आणि कुणीतरी त्याला पाय धरून ओढून नेलं.

चार टाके पडले. दवाखान्यात चिमणी शेजारच्या बाकावर बसून होती.

"बाई, भिंतीवर काय होतं?"

"पांढरं दार."

चिमणीने कपाळाला हात लावला, अगदी सासूने लावावा तसा. "मला सांगायचं ना! मला माहीत आहे ते!"

जिला वाचता येत होतं तिला दार माहीत नव्हतं आणि जिला दार माहीत होतं तिला वाचता येत नव्हतं. दोघी मिळून त्या दिवशी एक अख्खी बाई झाली असती, पण बाईंनी तोंड उघडलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं, 'मोठ्याने वाचावे.' त्यावर रक्ताचा एक डाग आहे. मॅडमनी तो शाईचा समजून 'टापटीप हवी' असा शेरा दिला.

तेव्हापासून दोघींचा सौदा ठरला. रोज अर्धा तास चिमणी बाईंना गल्ली शिकवायची. हौद म्हणजे जिथे आता हौद नाही ती जागा, लंगड्याचं दुकान म्हणजे ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याचं. मग अर्धा तास बाई चिमणीला वाचायला शिकवायच्या. पुस्तक मिटून ठेवलं. भिंतच उघडली. चिमणी अडायची, बाई तिच्यासमोर एकेक बोट उघडत पाच मोजायच्या. कधी चारवर शब्द यायचा. बहुतेकदा यायचा नाही.

भिंतीवरचं अक्षर मात्र सुरेख होतं, ओळ रेघेसारखी सरळ. दोन्ही गल्ल्यांच्या धमक्या एकाच वळणाच्या. बाईंनी ते ओळखलं, कारण तेच अक्षर स्टाफरूमच्या 'शांतता राखा' या पाटीवर होतं.

"शिपाईमामा, तुम्ही?"

"मग कोण? त्यांना ओळ सरळ काढता येते का?" मामा म्हणाले. "आधी नुसत्या शिव्याच सांगायचे. मी म्हटलं, अरे गाढवांनो, वेळ आणि जागा नाही लिहिली तर मार खायला येणार कोण? पटलं त्यांना. तेव्हापासून पोरांची सोय झाली."

ही सोय मामांना महागात पडली. तिसऱ्या आठवड्यात चार वेल्डर भर दुपारी फाटकात आले. "भंगारवाल्यांची धमकी एवढी मोठी आणि आमची बारीक का?" मामा म्हणाले, "तुमचा मजकूर लांब असतो रे." त्यांनी मामांचा उजवा हात फाटकाच्या कडीवर ठेवला आणि वरून पाइप घातला. दोन बोटं मोडली. आवाज चौथीच्या वर्गापर्यंत आला. मामा ओरडले नाहीत, खाली बसले आणि म्हणाले, "शाळा चालू आहे, हळू बोला." दुसऱ्या दिवसापासून ते डाव्या हाताने लिहू लागले. अक्षर असं झालं की चिमणीची आतापर्यंतची मेहनत पुन्हा पहिल्या पायरीवर आली.

शेवटचा शनिवार उजाडला. सोमवारपासून बाई नाहीत. शनिवारची शाळा दुपारची असते; सुटल्यावर दोघी भिंतीपुढे उभ्या राहिल्या. बाईंनी वाचून ठेवलं होतं, म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता.

"आ-ज," चिमणीने सुरू केलं. "सव्वा... पाच. पां-ढ... पांढरं दार!" ती हसली. "मग ना, हौदावरून जायचं."

"अजून आहे," बाई म्हणाल्या. हात पुढे करून तो मजकूर झाकावा असं त्यांना फार वाटलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी बोट उघडलं. एक. दोन.

"प... हा... पहारचे." तीन. चार. "गु... गुडघे."

पहार हे भंगार गल्लीतल्या एका माणसाचं टोपणनाव. जुनी इंजिनं पहारेने फोडतो आणि गरज पडली तर माणसंही. तो चिमणीचा बाप.

चिमणीने बाईंचा हात धरला आणि हौदाच्या बाजूने पळत सुटली.

पहार दारात बसून पहारेच्या टोकाला धार लावत होता. पाच वाजून गेले होते.

"बाबा, जाऊ नका. गुडघे लिहिलेत तुमचे."

"कोण म्हणालं?"

"मी वाचलं."

"तू?" पहार हसला. "तुला कुठे वाचता येतं?" त्याने भंगारातला एक पत्र्याचा डबा तिच्यापुढे टाकला. "वाच."

चिमणी जमिनीवर बसली. "झा... क... ण." मग अडली. बापाने तोंड उघडलं तशी बाई म्हणाल्या, "सांगायचं नाही. पाच मोजा." आणि का कोण जाणे, पहारने मोजायला सुरुवात केली, आपल्या पहारेएवढ्या बोटांवर.

तेवढ्यात त्याला न्यायला त्याचा मेहुणा आला, कमरेला साखळी गुंडाळून. "चल ना भावजी, सगळे थांबलेत."

"थांब जरा. पोरगी वाचतेय."

मेहुणा डब्यावर वाकला. "अरे, 'घट्ट' आहे ते! झाकण घट्ट..."

पहारने बसल्या जागेवरून त्याच्या तोंडावर अशी ठेवून दिली की मेहुणा पत्र्यांच्या ढिगात जाऊन पडला आणि वरून आणखी दोन पत्रे त्याच्यावर कोसळले. "सांगू नको म्हटलंय ना बाईंनी! तीनवर होतो मी!"

"नाक मोडलं माझं!" पत्र्यांखालून आवाज आला.

"मोडू दे. चिमणे, पुन्हा एकपासून."

'झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवा' एवढं वाचायला चिमणीला पावणेसहा झाले. पांढऱ्या दाराशी त्या दिवशी सगळं झालंच. दोघांचे पाय मोडले, एकाचा डोळा गेला. पहार आला नाही म्हणून रविवारी कुणीतरी त्याच्या दारावर घाण फेकली आणि त्यानेही फेकणाऱ्याची बरगडी मोडून हिशोब पुरा केला. पण गुडघे शाबूत राहिले.

बाईंनी वहीत 'पालकांचा सहभाग' या मथळ्याखाली लिहिलं: 'पालक मुलीच्या वाचनाला वेळ देतात. मध्येच शब्द सांगणाऱ्यास मारतात.' मॅडमनी दुसऱ्या वाक्याखाली लाल रेघ मारून विचारलं, 'हे प्रत्यक्ष पाहिले का?' बाईंनी खाली लिहिलं, 'होय.' पास झाल्या.

सोमवारी शाळा सुटताना मी स्टाफरूमच्या खिडकीत उभा होतो, काच नव्हती म्हणून स्वच्छ दिसत होतं. चिमणी एकटी भिंतीपुढे आली. ओठ हलत होते. मग तिच्या फ्रॉकला मागून पहिलीतल्या एका पोरीने धरलं.

"चिमणीताई, काय लिहिलंय?"

"सांगायचं नसतं. तू वाच, मी पाच मोजते," चिमणी म्हणाली आणि एक बोट उघडलं.

तिसरं बोट उघडायच्या आत भिंतीवर पहिला दगड बसला. मग मात्र चिमणीने सगळं सांगून टाकलं, पोरीला बखोटीला धरलं आणि दोघी हौदाच्या बाजूने पळाल्या.