एकेका समेला ‘वा’

अर्ध्या तासाचं गाणं प्रज्ञानं निम्म्या वेळात संपवलं आणि नमस्कार करून उठली. टाळ्या पडल्या. लोक घड्याळाकडे बघत, काही विचारावं की नाही अशा चेहऱ्यानं बसून राहिले. तबल्यावरचा ओंकार हातोडी हातात धरून तिच्याकडे बघत होता.

स्टेजच्या मागे आल्यावर तो तिच्यावर घसरला. "अगं, काय हे? गाडी चुकत होती का तुझी? मी ठेका धरतोय तोवर तू शेवटची तिहाई घेऊन मोकळी!"

"मला नाही माहीत."

"गे बाय माझे, तुका नाय म्हायत तर कोणाक म्हायत?" ओंकार सावंत भांडुपचा. चिडला की मालवणीवर येतो.

प्रज्ञा पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात बसली. मी दोघांना गप्प केलं आणि आधी पुढच्या लोकांसाठी स्टेज रिकामं करून घेतलं. माझं काम तेच आहे.

मी मुलुंडच्या एका गाण्याच्या क्लासची व्यवस्थापक आहे. मला गाता येत नाही. फी, बॅचेस, हॉल, पालक, व्हिसा आणि आजारी तानपुरे हे सगळं मी बघते. गाणं मुलांच्या गुरू, आमच्या ताई बघतात. ऑस्ट्रियातल्या एका तळ्याकाठच्या गावात दर उन्हाळ्यात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. बहुतेक कार्यक्रम तिकडच्या संगीताचे, व्हायोलिन, पियानो वगैरे. या वेळी त्यांनी आमच्या सहा विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. ऐन वेळी ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी विमान बंद केलं. मुलांना घेऊन मी एकटी निघाले.

प्रज्ञाचे दोन कार्यक्रम होते. दुपारचा हा छोटा, भीमपलासाचा. दुसरा दोन दिवसांनी, महोत्सवाच्या समारोपात, यमनचा. समारोप इंटरनेटवर थेट दिसणार होता. तिचे वडील मेश्रामसाहेब मेट्रोत सिग्नलचं काम बघतात, मूळचे यवतमाळचे. त्यांनी विक्रोळीला कन्नमवार नगरात सोसायटीचा हॉल घेऊन पडदा लावायचं ठरवलं होतं. निम्मी इमारत जेवायला बोलावली होती. प्रज्ञानं पुढे गाणंच करायचं की बी.एस्सी. झाल्यावर नोकरी धरायची, यावर त्यांच्या घरी वर्षभर चर्चा चालू होती. समारोपाचं गाणं त्या चर्चेचा शेवट करणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"बोल आता," मी तिला म्हटलं. "तब्येत बरी आहे ना?"

"मॅडम, कोणीच काही बोलत नव्हतं."

"म्हणजे?"

"एकदम शांत. मी सूर लावला, शांत. हरकत घेतली, शांत. मला वाटलं बेसूर होतंय. मग शोधत बसले कुठे चुकतंय ते. सापडेना. मग संपवलंच."

मला क्षणात कळलं, कारण आमच्या क्लासच्या दारात मी अठरा वर्षं बसते आहे. ताई कधी ओरडत नाहीत. मूल बरोबर गात असेल तर त्या "हं... हं... वा" असं पुटपुटत राहतात. चूक झाली की गप्प होतात. मूल थांबतं, मागे जातं, चूक शोधून दुरुस्त करतं. मग पुन्हा "हं" सुरू. बाकीची मुलंही ताईंबरोबर "वा", "क्या बात है" म्हणतात. ही दाद. आमच्याकडे गाणारा त्या दादेवर चालतो, जसा माणूस जिन्याचा कठडा धरून चालतो. आमच्या मुलांना शांततेचा एकच अर्थ माहीत आहे: चुकलंय, मागे फिर.

आणि तिकडे चांगला श्रोता म्हणजे पुतळा. खोकलासुद्धा दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत खोकतात. पहिल्याच संध्याकाळी व्हायोलिनच्या एका हळव्या जागी ओंकार मोठ्यानं "क्या बात है!" म्हणाला होता. लाल स्कार्फवाल्या आजी, तिथल्या स्वयंसेविका, येऊन त्याला हातानं दरवाजा दाखवून गेल्या. तेव्हापासून मीच मुलांना ताकीद दिली होती की कार्यक्रमात तोंडातून आवाज काढायचा नाही. त्यामुळे प्रज्ञा गात होती तेव्हा आमची चार मुलंही समोर ओठ घट्ट मिटून बसली होती.

संध्याकाळी महोत्सवाच्या व्यवस्थापक हेल्गाबाईंनी मला बोलावलं. माझ्याच वयाच्या, आखूड केस, गळ्यात तीन किल्ल्या. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या होत्या, कारण त्या एक वाक्य दोनदा बोलत नाहीत.

"मुलीचा आवाज सुंदर आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "पण समारोप थेट जाणार आहे. मध्येच संपलं तर पडदा रिकामा राहील. सहाही जणांचं एकत्र गाणं ठेवू या का?"

"उद्या दुपारपर्यंत सांगते."

"बारापर्यंत," त्या म्हणाल्या.

प्रज्ञानं तर लगेच सांगून टाकलं, "समूहगीतच ठेवा मॅडम. मी मागच्या रांगेत उभी राहते. पप्पांना मी सांगते."

"काय सांगशील?"

ती तानपुऱ्याची गवसणी बांधायला लागली.

मी ताईंना व्हिडिओ कॉल लावला. ताई उशांना टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"माझीच सवय आहे ती," ताई म्हणाल्या. "दोन दिवसांत पुसता येणार नाही. आणि तू पोरीला भाषण देऊ नकोस. उगाच आणखी घाबरेल."

"मग करू काय?"

"मुलगी बदलत नाही तर लोक बदल."

"ताई, तीनशे माणसं आहेत! ऑस्ट्रियन!"

"मग? मुलुंडचे पालक सांभाळतेस ना? हे तरी सांगितलेलं ऐकतील."

फोन ठेवल्यावर मला पटलं. तिकडची माणसं सांगितलेलं ऐकतात, हे मी पाहिलं होतं. सिग्नलला रस्त्यावर एक गाडी नसताना आजीबाई उभ्या राहत. अशा माणसांना दाद द्यायची सूचना मिळाली तर ती दाद देणारच.

सकाळी हेल्गाबाईंच्या ऑफिसात मी आणि ओंकार गेलो. मी सरळ मुद्द्यावर आले. "आमच्या गाण्यात श्रोते हे एक वाद्य आहे. ते काल वाजलं नाही. तबला काढून घेऊन गायला सांगितलं असतं तर मुलगी जशी गायली असती, तशी ती गायली."

हेल्गाबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला माझ्या सभागृहात आवाज हवा आहे?"

"हो. योग्य जागी."

"प्रक्षेपण चालू असताना?"

"तुमच्या साउंडवाल्यांना आधी सांगू."

"आवाज नक्की कधी होणार?"

आता ओंकारची पाळी होती. त्यानं टेबलावर बोटं वाजवत समजावलं. आमचा ताल गोल फिरतो. प्रज्ञाच्या गाण्याचा ताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा. सोळा संपले की पुन्हा पहिला. त्या पहिल्या ठोक्याला सम म्हणतात. गाणारी कितीही भटकली तरी समेवर घरी येते. ती आली की ऐकणारे "वा" म्हणतात.

हेल्गाबाईंनी स्वतः बोटांवर सोळा मोजून पाहिले. दुसऱ्या खेपेला त्या ओंकारच्या बरोबर समेवर आल्या. चेहरा तसाच कोरा. "वा," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "समजावायला किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"मिळतील."

बाहेर आल्यावर ओंकार म्हणाला, "मॅडम, बाई झकास आहे. क्लासला घेऊ या का?"

समारोपाचं सभागृह म्हणजे जुनं धान्याचं कोठार होतं. लाकडी छत, आणि खिडक्यांतून संध्याकाळचं पिवळं ऊन. मी माइकसमोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा गाण्याबद्दल बोलत होते, आणि जे बोलत होते ते मला नुकतंच नीट कळलं होतं. ओंकारनं ठेका धरला, हात उंच नेऊन समेला खाली आणला. लोक आधी लाजले. मग लाल स्कार्फवाल्या आजींनी मोजायला सुरुवात केली आणि सगळ्यांनाच धीर आला. दोन फेऱ्यांत अख्खं कोठार एका आवाजात "वा!" म्हणू लागलं.

प्रज्ञा येऊन बसली. तानपुरा लागला, तिनं यमनचे पहिले सूर धरले. आवाज बारीक होता. नजर समोरच्या माणसांवरून फिरत होती. चूक शोधणारी नजर मी ओळखते. मग बंदिश सुरू झाली, तबला आला, आणि पहिली सम.

"वा!"

तीनशे माणसं. एकाच क्षणी, एकाच पट्टीत. लष्कराची तुकडी सलाम ठोकते तसं. प्रज्ञा दचकली. पुढच्या समेला पुन्हा तसंच. ओंकार मान खाली घालून पुटपुटला, आणि पहिल्या रांगेत मला ऐकू आलं, "ही दाद न्हय, ही कवायत आसा."

प्रज्ञा हसली. हसू गिळायला तिनं एक तान घेतली, ती मोकळी सुटली. खांदे खाली आले. आमची मुलं आता कशाला ऐकतात? "क्या बात है", "जियो", सगळं सुरू झालं. आवाज भरत गेला. मी मागे वळून हेल्गाबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांची बोटं मोजत होती.

मग ती निषादावर आली. निषाद म्हणजे वरच्या ‘सा’च्या अगदी अलीकडचा सूर. तिथून ‘सा’ एका पावलावर असतो, पण गाणारी दारातच उभी राहते. प्रज्ञा उभी राहिली. सूर सरळ, बारीक, न हलणारा. सम आली.

कोणी "वा" म्हणालं नाही.

तीनशे माणसं विसरली. आमची मुलंसुद्धा. ओंकारचा हात समेवर एकटाच पडला. पुन्हा तीच शांतता, दोन दिवसांपूर्वीची. आता पळणार ही, तिहाई घेणार आणि उठणार.

प्रज्ञानं डोळे उघडले. ओंकारकडे पाहिलं. तो हसत होता. तिनं डोळे मिटले आणि सूर तसाच धरून ठेवला. सोळा मात्रांचं आणखी एक आवर्तन गेलं. मग तिनं ‘सा’ लावला.

मागून एका बाईनं श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. त्यानंतर "वा" आले. सुटे सुटे, कोणी लवकर, कोणी उशिरा, एक पार तिसऱ्या मात्रेवर. कवायत पूर्ण मोडली होती. अशी विस्कटलेली दाद मी मुलुंडमध्ये रोज ऐकते. तिथे पहिल्यांदाच ऐकली.

गाणं ठरल्यापेक्षा लांबलं. हेल्गाबाईंनी थांबवलं नाही.

मागे आल्यावर मी विचारलं, "मध्ये सगळे गप्प झाले तेव्हा काय वाटलं गं?"

"वाटलं, वाट लागली. मग ऐकलं ना, तर सूर बरोबर होता, मॅडम. म्हटलं, राहू दे."

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. मागे कन्नमवार नगरचा गलका होता. "मॅडम, ते सगळे लोक एकदम ‘वा’ म्हणत होते, ते रेकॉर्ड लावलं होतं काय जी?"

"नाही साहेब, खरी माणसं होती."

"असं काय! मग पोरीला सांगा, नोकरीचं नंतर बघू. आता जेवून घे म्हणा."

ताईंनी प्रक्षेपण पाहिलं होतं. त्यांचा निरोप दोन शब्दांचा होता: निषाद ऐकला. प्रज्ञानं तो निरोप आलेला फोन रात्रभर हातातून सोडला नाही.

ताई अजूनही चूक झाली की गप्पच होतात. या वयात त्या बदलणार नाहीत, आणि बदलूही नयेत. म्हणून मी एक नवीन पद्धत घातली आहे. बाहेरगावी जाण्याआधी प्रत्येक मुलानं एकदा पूर्ण शांत बसलेल्या लोकांसमोर गायचं. श्रोते म्हणून पालकांना बोलावते आणि आधीच बजावते की हूं नाही, चूं नाही. मुलं आता तयार झाली आहेत. पालकांवर काम चालू आहे.