कामात नसलेला खांब

समोर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की टकटकताई. धंद्याने ती वास्तुरचनाकार. लाकडी इमारतींत तिचा हातखंडा होता, पण दिसेल त्या लाकडावर बोटाचं पेर वाजवून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एकदा खोकला दाखवायला गेली, तर डॉक्टरांच्या टेबलावर टकटक केली, वाळवी लागलीय म्हणून सांगितलं आणि खोकल्याचं औषध न घेताच परत आली.

हा स्वभाव काही जन्मजात नव्हता. तिच्या पहिल्याच कामात ठेकेदाराने कुजकी तुळई रंगाखाली झाकून खपवली होती, आणि जिना खचून एका बाईचा पाय मोडला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागली. थोरल्या भावाची लाकडाची वखार होती, तिथेही टकटक व्हायचीच, फक्त जरा हळू. दादा हसायचा आणि म्हणायचा, "वाजव छोटे, वाजव. माझं डोकंही वाजवून बघ, आत काही आहे का ते."

तर अशा या ताईकडे एक बिअरवाला आला. डोंगराच्या कडेला त्याची जमीन होती. नुसता खडक, वाकडी वाट आणि एक बारमाही झरा. तिथे त्याला बिअर बनवायची होती, आणि शेजारीच लोकांना गरम पाण्यात डुंबायला हौद आणि वाफ घ्यायची खोली हवी होती. सगळं लाकडात, आणि डोंगराला ओरखडा न काढता. ताईने आराखडा सुरेख केला. खडक फोडायचा नाही, इमारत खांबांवर उभी करायची. बिअर उकळताना निघणारी वाफ वाया न घालवता नळाने स्नानाच्या खोल्यांकडे न्यायची. आणि लाकूड वापरायचं ते वाऱ्यावादळात आपोआप पडलेल्या झाडांचंच. डोंगरावरच्या एकाही उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, ही अट तिची स्वतःची. लाकूड आणायचं काम अर्थातच दादाकडे गेलं.

पहिले खांब झकास वाजले. पुढे मात्र तिची कपाळावरची आठी जाईना. कामाच्या जागेवरच्या छपराखाली रचून ठेवलेल्या लाकडावर पेर मारलं की कोरडा टणक आवाज यायला हवा, तिथे ढब्ब असा आवाज येत होता. ओल. पडून वाळलेल्या झाडात ओल आली कुठून?

बिअरवाला तिकडे, आधी उभ्या राहिलेल्या भट्टीघरात, बिअरचे चाचणीचे घाणे उकळण्यात गुंतलेला असायचा. तोही एकदा सहज म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या दादांचं लाकूड ताजं वाटतंय हो."

झालं. शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दादा अलीकडे उशिरा का येतो? गाडीवर ताडपत्री का टाकतो? विचारलं तर "पावसाचं काही सांगता येतं का" म्हणतो. एवढी काळजी कधीपासून करायला लागला? सरळ विचारावं असं तिच्या मनात शंभरदा आलं. पण सरळ विचारेल ती टकटकताई कसली. आई-वडील गेल्यावर याच भावाने तिला शिकवलं होतं. तो खोटा निघाला तर आपल्याला खरं म्हणायला जगात कुणी उरणार नाही, हा विचार तिला आडवा यायचा. आणि तरीही तिने सापळा लावलाच.

"दादा, मला एक खांब हवाय. एकसंध, सरळसोट, सगळ्यांत उंच. मिळेल?"

आराखड्यात असा खांब कुठेही नव्हता. डोंगरावरची पडलेली सगळी झाडं तिने फिरून पाहिली होती. एवढा लांब आणि सरळ ओंडका त्यांत नव्हता. म्हणजे दादाने तो आणला, तर उभं झाड तोडूनच आणणार.

दादाने विचारलं, "अगदी हवाच आहे?"

"हवाच."

"मग मिळेल," तो म्हणाला.

पुढच्या दोन-चार दिवसांत तिला अन्न गोड लागलं नाही. मग एका सकाळी ती छपराखाली उभी असताना पलीकडे बिअरवाल्याने घाणा उकळायला घेतला, आणि तिच्या पायांना ऊब लागली. ती खाली वाकली. रचलेल्या लाकडांच्या खालून पांढरी वाफ वर येत होती. नळ तिचाच. स्नानाच्या खोल्या अजून उभ्या राहिल्या नव्हत्या, म्हणून त्याचं तोंड तिनेच तात्पुरतं इथे सोडायला सांगितलं होतं. लाकडं नंतर आली, त्याच नळावर रचली गेली, आणि जगावर संशय घेणाऱ्या बाईला आपण स्वतः आखलेल्या रेघेवर तेवढा संशय आला नाही. रोज सकाळी ती दादाचं कोरडं लाकूड स्वतःच वाफवत होती.

तिला आधी हसू आलं, मग रडू. आणि मग तो खांब आठवला. तशीच धावत ती गाडीत बसली. खांब नको म्हणून सांगायचं, वहिनीच्या हातचा चहा घ्यायचा आणि दादाला सगळं कबूल करून टाकायचं, एवढं तिने वाटेत ठरवलं.

दादाच्या घराच्या वळणावर ती थांबली. घरावर आभाळ जास्त दिसत होतं. अंगणातलं झाड, ज्याच्या शेंड्यावर बसून दादा लहानपणी तिला लांबचं दिसेल ते सांगायचा, ते आडवं पडलं होतं. दादा त्याची साल काढत बसला होता.

"डोंगरावरचं तोडायचं नाही असं तूच म्हणालीस," तो म्हणाला. "हे आपलं घरचं. तुझी वहिनी बोलत नाहीये माझ्याशी, पण होईल शांत. जन्मात पहिल्यांदा तू काहीतरी मागितलंस. कुठे उभा करणार आहेस?"

थाप मारणं सोपं होतं. तिने मारली नाही. "कुठेच नाही, दादा. आराखड्यात हा खांबच नाही. तू उभी झाडं तोडतोस असं मला वाटलं. तुला पकडायला मागितला होता."

दादाच्या हातातलं पातं थांबलं. तो म्हणाला, "मग पकडलंस की." आणि पुन्हा साल काढायला लागला. ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. तो एक अक्षर बोलला नाही. चहा कुणी विचारला नाही.

इमारत उभी राहिली. मोठ्या हौदाच्या कडेला, पाण्यातच, ताईने त्या झाडाचा खांब उभा केला. त्याच्यावर कशाचाच भार नाही. बिअरवाल्याने कारण विचारलं तेव्हा तिने काही न लपवता सांगितलं. पहिलं वर्षभर दादा तिकडे फिरकला नाही. मग एकदा आला, गुपचूप पाण्यात उतरला आणि त्या खांबाला पाठ टेकून बसला. ताई भिंतीच्या फळ्या एकेक करून वाजवत निघाली होती. खांबापाशी आली आणि हात न लावता पुढे गेली.

"याला का सोडलंस?" दादाने विचारलं. "आतून पोकळ असला तर?"

"नसणार."

"वाजवल्याशिवाय कशावरून?"

"तू आणलायस," ती म्हणाली, आणि पुढची फळी वाजवायला लागली.