व्याहीबुवा क्लबचे प्रमुख झाले तेव्हा

बाळांनो,

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुमचे बाबा मागे येरझाऱ्या घालत होते आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होते. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी त्यातले काही शब्द मला कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते. मग तुम्हीच खुलासा केलात, की तुमच्या शहराच्या बेसबॉल संघाने नवा प्रमुख नेमला आहे, त्याने जन्मात बॅट धरलेली नाही आणि आता कोण खेळणार, कोण नाही, हे तो ठरवणार आहे. आणि तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्या क्लबमध्येपण असंच झालं होतं ना?"

झालं होतं. पण तेव्हा मला सांगता आलं नाही, कारण सोफ्याच्या एका टोकाला तुमचे आजोबा बसले होते आणि दुसऱ्या टोकाला लातूरचे आबा, म्हणजे तुमच्या बाबांचे बाबा. आज दोघंही सामन्यासाठी उदगीरला गेले आहेत. संध्याकाळपर्यंत घर माझं आहे, तेव्हा सगळं क्रमाने लिहून काढते.

आमच्या घराजवळच्या मैदानावर मुलींचा बेसबॉल क्लब आहे. नांदेडात बेसबॉल कुठून आला, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात आणि आपण फार मोठा विनोद केला अशा चेहऱ्याने हसतात. यात विनोद काही नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, आणि क्रिकेटच्या रांगेपेक्षा ही रांग लहान होती. गुणांसाठी आलेल्या मुलींपैकी काही गुण मिळाल्यावरही खेळत राहिल्या. त्यांचा संघ झाला.

संघ झाल्यावर चाहते झाले. चाहते म्हणजे सकाळी मैदानाभोवती फिरायला येणारी आम्ही मंडळी. आमचं फिरणं थोडं आणि सिमेंटच्या पायऱ्यांवर बसणं जास्त. त्यात एक वकील आहेत, मेडिकलचं दुकान असलेले एक काका आहेत, तुमचे आजोबा आहेत आणि मी आहे. नियमांचं पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. मैदानावर काही वाद झाला की निकाल मी देते. तो कुणी मानत नाही.

सगळ्यात मोठा आवाज तुमच्या आजोबांचा. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी त्यांनी "होय साहेब" म्हणत काढली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना कंठ फुटला. अंपायर, क्लबचे सचिव, चुना मारणारा माणूस, त्यांनी कुणाला सोडलं नाही. जुने सचिव मुलाकडे हैदराबादला कायमचे गेले, त्यात मुलाच्या प्रेमाचा वाटा किती आणि आजोबांच्या आवाजाचा किती, हे मी ठरवू शकलेले नाही.

सचिव गेल्यावर समितीने नवा प्रमुख शोधायला घेतला. एका सकाळी आमच्या फिरायच्या ग्रुपवर फोटो आला. शाल, नारळ, गळ्यात हार. आजोबांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"हे आपले व्याही दिसून राहिले," ते म्हणाले.

ते व्याहीच होते. लातूरच्या आबांना बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी लातुरात आयुष्यभर शिकवणीचे वर्ग चालवले होते. दर रविवारी परीक्षा, सोमवारी भिंतीवर क्रमवारी, आणि क्रमवारीप्रमाणे बसायचे बाक. समितीतल्या दोघांची मुलं त्या वर्गातून डॉक्टर झाली होती. जो माणूस पोरांना मेडिकलला लावतो त्याला नऊ मुली सांभाळणं काय अवघड, असा त्यांचा विचार. तुमचे बाबा आबांच्याच वर्गात तिसऱ्या तुकडीत बसायचे. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल.

त्या दिवशी पायऱ्यांवरून उठून कुणी फिरलंच नाही. कुठलंही मोठं सरकारी ऑफिस नांदेडला की लातूरला, यावरून ही दोन गावं कायम भांडत असतात, आणि आता आपल्या मैदानावर लातूरचा माणूस. वकील म्हणाले, नांदेडात माणसं संपली का. मेडिकलवाले म्हणाले, "गोदावरी हाय ना इथं. रोज अंघोळीला पाणी मिळंल म्हणून आले असतील." सगळे हसले आणि मग आजोबांकडे वळले. आता खरी तोफ धडाडणार होती.

आजोबा चपलेचा अंगठा नीट करत बसले.

हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. आबा म्हणजे मुलाकडचे. आम्ही मुलीकडचे. आपल्याकडे मुलीच्या बापाने व्याह्याला उलट बोलायचं नसतं. पंगतीत त्यांना आधी वाढायचं, सणाला टॉवेल-टोपी द्यायची, आणि ते चुकीचं बोलले तरी मान डोलवायची. का, तर आपली लेक त्यांच्या घरात आहे. तुमची आई वर्षातून आठवडाभर लातूरच्या घरात असते, उरलेलं वर्ष अमेरिकेत तुमचे बाबा तिच्या हाताखाली असतात. पण आजोबांच्या लेखी ती अजून व्याह्यांच्या ताब्यात आहे. शिकलेला माणूस, इंजिनिअर, पण इथे त्यांचं गणित चालत नाही.

त्याहून वाईट म्हणजे आबा राहणार होते आमच्याकडेच. सोमवार ते शनिवार नांदेड, रविवारी मैदानावर मुलींची परीक्षा घेऊन दुपारच्या गाडीने लातूर. मी लातूरच्या आजीला फोन केला, की तुम्हाला एकटं वाटेल, तुम्हीपण या. त्या म्हणाल्या, "नको बाई, ठिवा त्यांना तिकडंच. इथं माझ्या भाकरीला मार्क देऊन राहिले होते."

तर असं सुरू झालं. रोज सकाळी दोघं एकाच स्कूटरवर मैदानात जायचे. फाटकापाशी आबा उतरून संघ चालवायला जायचे आणि आजोबा पायऱ्यांवर येऊन गप्प बसायचे. पोटात साठलेलं कुठेतरी निघायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला की आजोबा आत येत, आणि मिक्सर चालू असेपर्यंत आबांच्या कारभाराबद्दल मनसोक्त बोलत. मिक्सर थांबला की तेही थांबत. त्या महिन्यात आमच्याकडे शेंगदाण्याचा कूट इतका झाला की मी शेजारी वाटला.

आता कॅचरविषयी. बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे तोंडावर जाळी लावून उकिडवी बसते आणि पिचरने टाकलेला चेंडू झेलते, ती कॅचर. तुम्हाला हे माहीत आहे, पण मला अर्धवट लिहिता येत नाही. आमची कॅचर कंधारजवळच्या एका खेड्यातली. पहिल्या एसटीने यायची. अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. पिचर बिचकली की जाळीआडून ती असं काही बोलायची की पिचरला हसू फुटायचं आणि पुढचा चेंडू सरळ यायचा. पायऱ्यांवरच्या सगळ्यांची ती लाडकी होती.

तिला पोलिसात जायचं होतं. राज्य स्पर्धेत संघ पहिल्या तिनात आला, तर भरतीत खेळाडूंच्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. घरच्यांनी तिला हे एक वर्ष दिलं होतं. त्यानंतर स्थळं बघायची हे ठरलेलं होतं, आणि तिच्या आईने मला ते मैदानावरच सांगितलं होतं, अगदी सरळ, दुधाचा भाव सांगावा तसं. म्हणजे राज्य स्पर्धेच्या संघात जागा मिळाली तर पुढचं सगळं, नाहीतर काही नाही.

आणि आबांनी रविवारच्या परीक्षा सुरू केल्या. फेकणं, मारणं आणि पळणं. सोमवारी पत्र्याच्या शेडवर क्रमवारी. जी शेवटच्या दोघींत ती बाहेर बसणार. फेकण्यात कॅचर वर असायची, मारण्यात मध्ये, आणि पळण्यात इतकी मागे की आबा घड्याळ बंद करून पाणी पिऊन यायचे. बेरीज केली की ती खाली.

मेडिकलवाले आजोबांना रोज विचारायचे, "काय करून राहिले तुमचे व्याही?" जसं काही आजोबांनीच त्यांना हुंड्यात आणलं होतं. वकील म्हणाले, तुम्ही घरात जेवू घालता, मग जेवताना सांगा की. आजोबांनी एकदा प्रयत्न केला. भात वाढताना ते म्हणाले की कॅचर हे जरा वेगळं प्रकरण असतं, नाही का. आबा म्हणाले, माझ्या वर्गात प्रत्येक बाप हेच सांगायचा. विषय संपला. त्या दिवशी मिक्सर दोनदा लावावा लागला.

राज्य स्पर्धेचा संघ निवडायच्या आधी उदगीरच्या संघाशी सामना झाला. आबांनी कॅचरला बाहेर बसवलं आणि एका बारक्या, चपळ मुलीला तिच्या जागी उभं केलं. आम्ही पायऱ्यांवर बसून आपला संघ हरावा म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. आणि आम्ही जिंकलो. जिंकल्यावर इतकी पडलेली तोंडं मी आधी बघितली नव्हती. मेडिकलवाल्यांनी पेढे आणले होते, कदाचित सवयीने. ते कुणी घेईनात. कॅचर बाहेर एका बाजूला हातमोजा मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक चेंडूला तिचा हात आपोआप उघडत होता.

ते बघून आजोबा उठले. पायऱ्या उतरून सरळ आबांसमोर गेले. सगळं मैदान ऐकत होतं.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "आपल्याविषयी मला पूर्ण आदर आहे. पण आपण निव्वळ गाढवपणा करून राहिलात."

आबा शांत होते. "जिंकलो आपण, व्याही."

"या बारकीनं किती चेंडू सोडले ते बघितलं का? चेंडू सुटला की समोरच्यांनी पुढं पळायचं असतं. उदगीरवाल्यांना पळता येईना म्हणून जिंकलो."

"पोलीस भरतीत पळावंच लागतं. तिथं कुणी बसू देत न्हाई. मी तिच्याच भल्याचं बघून राहिलो."

"भरतीत पळंल ती. इथं ती कॅचर हाय. कॅचर बसते." आजोबांचा आवाज चढला. "एवढी परीक्षेची हौस हाय, तर बसायची घ्या की परीक्षा."

हा टोमणा होता. पण ज्या माणसाने आयुष्यभर परीक्षा घेतल्या, त्याला परीक्षा हा शब्द टोमण्यासारखा ऐकू येत नाही. आबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "घेतो. रविवारी."

मग दोघं एकाच स्कूटरवर घरी आले, कारण दुसरी स्कूटर नव्हती. मी दोन्ही ताटं एकदम खाली ठेवली, म्हणजे आधी कुणाला वाढलं हा प्रश्नच नको. मी सांगायच्या आधीच ही बातमी तुमच्या आईकडे पोचली होती. तिने फोन करून विचारलं की आजोबांनी खरंच आबांना गाढव म्हटलं का. मी सांगितलं, म्हटलं, पण फार आदराने. ती हसत सुटली आणि म्हणाली की हे कुणीतरी वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

रविवारी मैदान भरलं होतं. सगळ्या मुली एका ओळीत उकिडव्या बसल्या. आबांनी घड्याळ काढलं, तेवढ्यात वकील पायऱ्यांवरून म्हणाले, पेपर काढणाऱ्याने आधी स्वतः सोडवून बघावा. आबांना ते पटलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओळीच्या टोकाला बसले. आता व्याही एकटे खाली बसलेत आणि आपण उभे, हे आजोबांना बघवेना. आदल्या आठवड्यात ज्याचा गाढवपणा काढला त्याच माणसाशेजारी तेही जाऊन उकिडवे बसले.

पळण्यात पहिल्या येणाऱ्या मुली आधी बसकण मारू लागल्या. ती बारकी चपळ पोरगी रडकुंडीला आली. हळूहळू सगळी ओळ मातीत पसरली, आणि कॅचर आरामात बसून पाणी मागत होती. पिचरने तिच्याकडे चेंडू टाकायला सुरुवात केली, ती बसल्या जागी झेलत होती. तुला पाय दुखत नाहीत का, मी विचारलं. ती म्हणाली, "सोयाबीन खुरपायला अशीच बसते मी. इथं तर वर ऊनपण न्हाई."

ती कधी उठली असती कोण जाणे. पण तोवर दोन्ही व्याह्यांचे गुडघे अडकले होते. बसता येईना, उठता येईना, आणि एकमेकांचा आधार घ्यायला दोघंही तयार नव्हते. शेवटी कॅचरच उठली आणि दोघांना एकेका हाताने धरून उभं केलं. मेडिकलवाल्यांनी दुकानातून मलम आणलं. पैसे घेतले.

सोमवारी शेडवर नवी क्रमवारी लागली. पळणं, फेकणं, मारणं आणि बसणं. कॅचर संघात आली. त्याखाली आबांनी पेनाने लिहिलं होतं की तिने रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायच्या, त्यात सूट नाही. पायऱ्यांवर आनंद झाला तो दोन दिवस टिकला. मग एका पत्रकाराने विचारल्यावर आबांनी सांगितलं, की बसायची परीक्षा ही खास लातूरची पद्धत आहे. आजोबा त्या दिवशी मिक्सरची वाट न बघता बोलले. आबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी तिथून उत्तरही दिलं.

राज्य स्पर्धेत संघ तिसरा आला. प्रमाणपत्र कॅचरच्या घरी आहे. भरतीची जाहिरात अजून निघालेली नाही, आणि घरच्यांनी तिला आणखी एक वर्ष दिलं आहे, कुरकुरत. रोज सकाळी ती फेऱ्या मारते, आबा घड्याळ धरून उभे असतात, आणि आजोबा पायऱ्यांवरून दोघांनाही ओरडत असतात. थोडी वेगाने पळते आता, फार नाही. आज उदगीरला कॅचर म्हणून तीच खेळते आहे.