व्हर्नाचा शेवटचा मुलगा

मार्चमध्ये, मोसमाआधीच्या सराव-सामन्यांना, आमच्या बेसबॉलच्या मैदानावर येणारी माणसं दोन तऱ्हेची. पहिली, घरच्या बर्फाला विटून अ‍ॅरिझोनात ऊन खायला आलेली. ती गवताच्या उतारावर चादर पसरतात, लालबुंद होईपर्यंत भाजून घेतात आणि पाचव्या डावात नावाजलेले खेळाडू नवख्या पोरांना जागा देऊन आत जाऊन बसले की गाड्या काढायला पळतात. दुसऱ्या तऱ्हेत एकटी व्हर्ना ओल्स्टाड. बाकीचे उठले की तिचा सामना सुरू व्हायचा.

मी तिथे तिकिटं बघतो, लोकांना खुर्च्या दाखवतो आणि बिअर सांडणाऱ्यांवर ओरडतो. पेन्शनीतल्या माणसाला एवढा अधिकार पुरे. व्हर्ना वयाने माझ्यापेक्षा मोठी, पण इतक्या वर्षांत आमचं अरे-तुरे झालं होतं.

"बघ, पळाले," उठून जाणाऱ्यांकडे बघून ती नाक मुरडायची. "पान वाढायच्या आधीच हात धुतले मेल्यांनी."

"अगं, त्यांनी मोठ्या नावांसाठी पैसे मोजलेत."

"मोठी नावं टीव्हीवर दिसतात. ह्या पोरांच्या पाठीवर नावसुद्धा नाही, ड्वेन. नुसता नंबर. ह्यांच्याकडे कोण बघणार?"

तिचं असं बोलणं उगीच नव्हतं. आयोवातल्या तिच्या गावात धाकट्या लीगचा, म्हणजे मोठ्या संघांच्या खालच्या पायरीचा, एक संघ होता. त्या पोरांचा पगार असा, की भाडं भरलं तर जेवण नाही आणि जेवलं तर डोक्यावर छप्पर नाही. म्हणून गावातली घरं त्यांना ठेवून घ्यायची. व्हर्ना आणि तिचा नवरा लायल यांच्या तळघरात दर उन्हाळ्यात दोन-तीन पोरं असायची. कुणी टेक्ससचं, कुणी समुद्रापलीकडचं, इंग्रजीचा गंध नसलेलं. व्हर्ना त्यांचे मातीने माखलेले कपडे धुवायची, चीज घालून परातभर बटाटे भाजायची, हरून आली की न बोलता वाढायची. स्वतःचं मूल नव्हतं. मग नियम बदलला आणि संघच पोरांना खोल्या देऊ लागले. पोरांचं भलं झालं, त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. तिचं तळघर मात्र रिकामं झालं, आणि त्याच हिवाळ्यात लायल गेला.

"ड्वेन, घर खायला उठतं रे," ती मला म्हणाली होती. शेंगा सोलता सोलता, सहज म्हणाली होती.

म्हणून मार्च आला की ती गाडी काढायची. रस्त्याकडेच्या स्वस्त मोटेलात उतरायची आणि या खोऱ्यातली मैदानं फिरायची, आज हे, उद्या ते, जिथे तिच्या पोरांपैकी कुणी सरावाला असेल तिथे. पण दरवर्षी पोरं गळत गेली. एक विमा विकतो, एक शाळेत शिकवतो, एकाचा खांदाच गेला. अखेर राहिला एफ्राईन. कॅचर, तिशी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा. मार्चमध्ये चेंडू फेकणारे ढीगभर असतात, त्यांचे चेंडू झेलायला कुणीतरी लागतं, म्हणून त्याला बोलावणं यायचं. सत्त्याऐंशी नंबरचा शर्ट, आठव्या डावात मैदानावर, आणि महिनाअखेरीला घरी. मोठ्या संघात त्याची निवड कधी झाली नाही.

"हा गेला की मी इथे कुणाला बघायला येऊ?" गेल्या वर्षी तिने विचारलं होतं.

"मला बघायला ये."

"तुझं हे तोंड बघायला दोन दिवस गाडी हाकू?"

यंदाची गोष्ट. सकाळी मी बाजूच्या फाटकावर होतो. एफ्राईन भलीमोठी बॅग टॅक्सीत कोंबत होता. आमच्याकडे याचा अर्थ विचारावा लागत नाही. सकाळी मॅनेजरच्या खोलीत बोलावणं येतं आणि थोड्या वेळात कपाट मोकळं होतं. मी त्याचा हात हातात घेतला. त्याने विमानतळाला किती वेळ लागेल ते विचारलं आणि तो गेला.

दुपारी व्हर्ना आली. उन्हाची टोपी, हातात रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बरणी.

"सामना संपल्यावर त्याला देणार. चमच्याने नुसता खातो, वेडा."

माझ्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही. पण त्या बरणीकडे बघून माझ्याच्याने बोलवेना. मी तिला तिची खुर्ची पुसून दिली आणि लांब जाऊन उभा राहिलो.

पाचव्या डावात लोक उठले. सातवा संपेपर्यंत मैदानातल्या अर्ध्या खुर्च्या ओस पडल्या. व्हर्ना खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. आणि आठव्या डावात सत्त्याऐंशी नंबर बॅट घेऊन बाहेर आला.

माणसं कमी पडली की मागच्या सरावाच्या मैदानांवरून कोवळी पोरं आणतात आणि जो शर्ट रिकामा असेल तो चढवतात. एफ्राईनचा सकाळपासून रिकामाच होता.

"एफ्राईन!" व्हर्ना उभी राहून ओरडली. "ए एफ्राईन! घाई करू नकोस रे, बघून मार!"

रिकाम्या खुर्च्यांतून तो आवाज थेट मैदानावर गेला. पोराने मान वळवून पाहिलं, मग तो खेळायला उभा राहिला. व्हर्नाची हाक अर्ध्यावरच तुटली. आणि पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्याने. पोरगा तिन्ही चेंडू चुकून बाद झाला, तरी तिची हाक थांबेना. परत जाताना त्याने तिच्याकडे बघून हेल्मेटला बोटं लावली.

सामना बरोबरीत सुटला. मार्चमध्ये बरोबरी झाली तर कुणी पुढे खेळत नाही, हात मिळवून घरी जातात. कामावर असताना बसायची आम्हाला परवानगी नाही, तरी मी तिच्या शेजारी बसलो.

"व्हर्ना, तो एफ्राईन नव्हता. त्याला सकाळीच काढला. मी जाताना पाहिलं."

ती मैदानाकडे बघत राहिली. "माझी चौकशी केली?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते टिकलं नसतं.

"नाही. विमानतळाला किती वेळ लागेल, एवढंच विचारलं."

"मुलगी झालीय त्याला. तिच्याकडे जायची घाई असणार." तिने बरणी मांडीवर नीट धरली. "बरोबरच आहे. आणि तो एफ्राईन नाही हे मला कळत नाही का? एफ्राईन उजव्या हाताने मारतो. हा पोरगा डावरा. उभा राहिला तेव्हाच कळलं."

मला रागच आला. "मग एवढा घसा कशाला फोडत होतीस?"

"हाक मारायला दुसरं कुणाचं नाव उरलंय मला, ड्वेन?"