साडूचे दात

आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात मेंढरू घेताना ज्याचा जीव खालीवर होतो, तो भाऊसोला शोधत येतो. भाऊसो मेंढरू दोन्ही गुडघ्यांत आवळून धरतो, अंगठ्याने त्याचा खालचा ओठ ओढतो, एक नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो, "चारदाती हाय. बिनघोर घे." मेंढराचं वय त्याच्या दातांवर. पुढचे दोन मोठे दात आले की दोनदाती, मग चार, मग सहा, आठ झाले की तोंड जुळलं. त्यानंतर दात झिजायला लागतात, हलतात, पडतात. तसलं तोंड दिसलं की भाऊसो ओठ सोडून देतो, हात धोतराला पुसतो आणि म्हणतो, "हिला ठिवू नगा." पलीकडे खाटीक उभेच असतात. भाऊसोच्या शब्दावर वाद घालणारा माणूस अजून त्या बाजारात आलेला नाही.

एवढ्या तोंडांचा हा जाणकार स्वतःचं तोंड मात्र लागेल तेवढंच उघडायचा. वय छप्पन्न. वरचे पुढचे दोन दात कधीच गेलेले, त्यांच्या शेजारचे तंबाखूने काळे पडून आपली पाळी कधी येते याची वाट बघत असलेले, आणि उजवीकडच्या दाढेत एवढं भोक की शेंगदाण्याची अर्धी पाकळी मावावी. मिशा त्याने हौसेने वाढवल्यात असं लोकांना वाटे. हौस कसली, तो पडदा होता. हसू आलं की उपरण्याचं टोक तोंडाशी जायचं. भाकरी कालवणात कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. दाढ ठणकायला लागली की लवंग दाबून दिवसभर गप्प बसायचं, आणि कुणी विचारलंच तर डोकं दुखतंय म्हणायचं.

तरी भाऊसोचं बरं चाललं होतं, कारण जगात तानाजी होता.

तानाजी म्हणजे त्याचा साडू. भाऊसोच्या बायकोची, अंजनाची, धाकटी बहीण मंगल, तिचा नवरा. विट्याजवळचा. अठरा वर्षं तिकडे मदुरैला गलाईच्या दुकानात सोनं गाळत होता. ॲसिडच्या वाफेने त्याचे दात झिजून झिजून नखाएवढे राहिले होते. तो हसला की भाऊसोच्या जिवाला गारवा वाटायचा. कुठल्याही कार्यात दोघे साडू पंगतीच्या टोकाला शेजारी बसत, दोघेही भातावर आमटी ओतून घेत, आणि तानाजी सुस्कारा टाकून म्हणे, "आपलं आता असंच, पाव्हणं." भाऊसो मान डोलवे. आपल्यापेक्षा वाईट तोंडाचा माणूस शेजारी बसला की जेवण गोड लागतं, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण खरं होतं.

मग तानाजी कायमचा गावी परतला. आणि चार महिन्यांनी, भाऊसोच्या लेकीच्या, अपेक्षाच्या पोराचं जावळ होतं, त्या दिवशी मोटरसायकलवरून उतरला तोच हसत.

तोंडभर दात. वर, खाली, पांढरे, सरळ, एकाला एक लागून. विट्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पक्के बसवून दिलेले, काढघालीची कटकट नाही. हसण्यासारखं काही नसतानाही तो हसत होता. "ऊन लय हाय," म्हणाला आणि हसला. "बोकड चांगला दिसतोय," म्हणाला आणि हसला. बायका दाराशी जमून बघत होत्या. भाऊसोने पाणी दिलं आणि चुलीकडे बघायचं निमित्त काढून मागच्या बाजूला निघून गेला. पोटात दुखत होतं. दाढ नव्हे, पोट.

पण खरा घाव पंगतीत बसला. लग्न झाल्यापासून घरात मटण शिजलं की नळी भाऊसोच्या ताटात. तीस वर्षांत त्यात खंड नाही. अलीकडे त्याच्याकडून ती फुटत नव्हती हे खरं. ताटावर आपटायची, ओढून बघायची, आणि शेवटी कुणाचं लक्ष नाही बघून बाजूला सारायची. ते राहू दे. नळी ताटात पडते ना, घरचा कर्ता कोण ते सगळ्यांना कळतं. त्या दिवशी अंजना वाढत वाढत आली, भाऊसोने ताट जरा पुढं केलं, आणि नळी पडली तानाजीच्या ताटात.

"घ्या दाजी, तुमास्नी चावतंय आता," ती म्हणाली. मग भाऊसोकडे वळली. "तुमाला मऊ काळीज घातलंय बगा."

तानाजीने नळी कडकन फोडली. अख्ख्या पंगतीने माना वळवल्या. कुणीतरी "वा!" म्हणालं. भाऊसोने काळजाचे तुकडे भाताखाली दडवले आणि हात धुतला. रागाने त्याचे कान तापले होते. ही बया एवढ्या लोकांत आपल्याला म्हातारा ठरवून मोकळी झाली, असंच त्याला वाटलं.

तिथून पुढे त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. अंजना दिवसातून किती वेळा 'दाजी' म्हणते याच्यावर तो कान ठेवून असे. "दाजीस्नी आता शेंगा खाता येत्यात." "दाजी दहा वर्सांनी ल्हान दिसत्यात." आणि तानाजीचे फोन येऊ लागले. अंजना फोन घेऊन परड्यात जायची, हळू बोलायची, मधूनच हसायची. तीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर संशय घेण्याइतका भाऊसो खुळा नव्हता, असं तो स्वतःला बजावत होता. बजावत होता आणि परड्याच्या कुडाशी उभा राहून कानोसाही घेत होता.

बाजारातही तीच गत. तानाजीला मेंढरं पाळायची हुक्की आली होती, म्हणून तो शनिवारी आला, आणि लोकांनी मेंढरं सोडून त्यालाच गराडा घातला. कोंडीबा म्हणजे भाऊसोचा लहानपणापासूनचा दोस्त. त्या गड्याने सरळ तानाजीचा ओठ वर केला आणि ओरडला, "आरं, जुळलंय की रं तोंड! भाऊसो, ये, वय सांग ह्याचं!" सगळे खो खो हसले. भाऊसोने उपरणं तोंडाशी नेलं, पण त्यामागे हसू नव्हतं. आपल्या बाजारात, आपल्या हुन्नरावर, आपल्याच साडूने डल्ला मारला होता.

"चला की पाव्हणं एकदा," तानाजी जाताना म्हणाला. "बाई लय हलक्या हाताच्या हायती. मुंगी चावल्यागत वाटतंय, बास."

भाऊसो गेला नव्हता असं नाही. दोनदा कुणाला न सांगता विट्याला जाऊन आला होता. पहिल्यांदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचला. आतून मशीनची घरघर ऐकू आली आणि तो तसाच मागे फिरला. दुसऱ्यांदा स्टँडवर चहा घेतला, बाजारातून मेंढरांसाठी दावं घेतलं आणि जणू त्याचसाठी आलो होतो अशा थाटात परतला. सुईची भीती होती, नाही कशाला म्हणा. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. समोरचा माणूस ओठ ओढतो, एक नजर टाकतो आणि हात पुसतो, त्या एका नजरेत काय काय ठरतं हे भाऊसोला जेवढं ठाऊक होतं तेवढं तालुक्यात कुणाला नव्हतं. आयुष्यभर ती नजर त्याची होती. आता ती दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायची, हे त्याच्या जिवावर येत होतं.

आणि एका सकाळी अंजना म्हणाली, "आवं, गुरुवारी विट्याला जायाचं हाय. दाजींनी नंबर लावलाय."

"माज्या तोंडाचा नंबर त्यो कोण लावणार?"

"आता लावलाय. मी बी येतीया संगट."

नाही म्हणावं तर तानाजी गावभर सांगणार, पाव्हणं भ्यालं. त्यापेक्षा मेलेलं बरं. गुरुवारी भाऊसो निघाला, ते धाडस म्हणून नव्हे, निव्वळ जळफळाट म्हणून. त्यात अंजनाने जावळात नेसलेली हिरवी साडी नेसली होती. दवाखान्यात जायला हिरवी साडी? तानाजीचं घर विट्यापासून दोन कोसांवर. एसटीत तो विटा येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. ते त्याच्या डोळ्यांत खुपत होतं.

डॉक्टर समीक्षा म्हणजे अपेक्षापेक्षाही लहान दिसणारी पोरगी. तोंडाला मास्क, हातात मोजे. भाऊसोला खुर्चीवर बसवायला तिने हात केला. "या काका. आ करा बघू."

भाऊसो खुर्चीजवळ उभाच राहिला. मिशीखाली ओठ घट्ट मिटलेले. मग त्याला सुचलं ते तो बोलून गेला. "पयलं हिचं बघा."

बायकोला पुढं ढकलून वेळ काढायचा, एवढाच त्याचा डाव होता. पण समीक्षाने वहीत बघितलं आणि मान हलवली. "हो, काकूंचाही नंबर आहेच. तानाजीकाकांनी दोघांचे नंबर लावलेत. त्यांनी मला फोनवर थोडं सांगितलं होतं तुमच्याबद्दल, काकू. बसा."

अंजनाने साडी सावरली, मुकाट्याने खुर्चीवर बसली आणि तोंड उघडलं.

वरचा दिवा लागला. भाऊसो मागेच उभा होता, त्यामुळे त्याला सगळं दिसलं. उजवीकडे खाली एकही दाढ नव्हती. डावीकडे दोन होत्या, त्यातली एक निम्मी तुटलेली. मिसरीने काळ्या झालेल्या हिरड्या एका बाजूला सुजून लाल झाल्या होत्या. भाऊसोच्या स्वतःच्या तोंडाची अशी दशा नव्हती. हे तोंड तीस वर्षं त्याच्याशी रोज बोलत होतं.

"केव्हापासून आहे हे, काकू?" समीक्षाने विचारलं.

आणि अंजना बोलू लागली. ही अपेक्षाच्या वेळच्या बाळंतपणानंतर गेली. ही फुटाणा चावताना तुटली, यात्रेत. ही लय हलत होती तर वाड्यावर मेंढरं राखताना आपणच दोरा बांधून उपटली. चार वर्षं झाली, भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर जेवते, म्हणजे कुणी बघत नाही. मटण खाऊन तर किती दिवस झाले, आठवतच नाही. समीक्षा मधूनमधून "अगं बाई" म्हणत होती, आणि तिच्या त्या दोन शब्दांवर अंजना आणखी सांगत होती, मध्ये हसतही होती. परड्यात फोनवर हसायची तसंच.

भाऊसो जळत होता. पण आता कुणावर जळावं हेच त्याला उमगेना. तानाजीला हे सगळं माहीत होतं. कालपर्यंत नाव ठाऊक नसलेल्या या पोरीला पाच मिनिटांत माहीत झालं. आणि तो, तिचा नवरा, दाराबाहेरच्या माणसासारखा ऐकत उभा होता.

"मला का बोलली न्हाईस?" शेवटी तो म्हणाला. आवाज रागाचा यायला हवा होता, तो रडवेला आला.

अंजनाने मान वळवली नाही. दिव्याकडे बघतच म्हणाली, "तुमास्नी दावायचं भ्या वाटायचं. तुमी तोंड बघून काय सांगताय, ते मी तीस वर्सं ऐकतीया."

समीक्षाला काही कळलं नाही. भाऊसोला सगळं कळलं. चेष्टेतही कधी त्याने तिला तसं म्हटलं नव्हतं, हे शपथेवर सांगता आलं असतं. पण घरी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दावणीशी नेऊन तो 'हिला ठिवू नगा' असं बोलला होता, आणि चहाचे कप घेऊन अंजना प्रत्येक वेळी तिथेच उभी होती.

एक दाढ आजच काढावी लागेल, समीक्षा म्हणाली. बाकीचं हळूहळू करू. काकांनी बाहेर बसायला हरकत नाही.

"व्हय, बसू दे त्यास्नी भाईर," अंजना पटकन म्हणाली.

तो बाकड्यावर जाऊन बसला. आतून मशीनची घरघर आली तेव्हा तो उठून दारापाशी गेला, पुन्हा बसला. तानाजीची आठवण आली तेव्हा त्याला वाईट वाटलं ते वेगळंच. त्या गड्याने अंजनाला विचारलं असणार, आक्का, तुमी नीट जेवत का न्हाई? एवढंच विचारायचं होतं. दात न बसवताही ते विचारता आलं असतं.

दार उघडलं. अंजना गालात कापसाचा बोळा धरून बाहेर येऊ लागली होती, गाल धरून, डोळ्यांत पाणी. "काका, आता तुम्ही," समीक्षाने हाक मारली. "काकू, तासभर बोलायचं नाही हं."

भाऊसो आत गेला आणि जाता जाता अंजनाचा दंड धरून तिलाही परत आत घेऊन आला. खुर्चीवर बसला. समीक्षाने दिवा त्याच्या तोंडावर ओढला, तर त्याने हाताने तो थांबवला.

"थांबा मॅडम. पयलं ही बघंल."

त्याने उपरणं मांडीवर ठेवलं, मिशा बोटाने बाजूला सारल्या आणि अंजनाकडे तोंड करून आ केला. डोळे गच्च मिटलेले. अंजनाला बोलता येत नव्हतं. तिने पदराने आपले डोळे पुसले, त्याच्या हनुवटीला हात लावून तोंड उजेडाकडे वळवलं आणि वाकून एकेक दात सावकाश बघत राहिली.