निळ्या कोटाचे खिसे

चर्चच्या मागच्या खोलीत जुने कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत. तिच्या तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, हे एक कारण. दुसरं कारण तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळायचं.

नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं ती इथे फुकट शिवत होती. लोकांनी दिलेले कोट उसवायचे, अस्तर बदलायचं आणि थंडी पडली की भिंतीवरच्या खुंट्यांना टांगायचे. ज्याला थंडी वाजते त्याने यावं, अंगाला बसेल तो न्यावा. कुणाला काही विचारायचं नाही, हा चर्च सांभाळणाऱ्या पाळकीणबाईंचा नियम. शिवणाऱ्याने सगळ्यांत शेवटी घ्यावं, हा टाचणीचा स्वतःचा. तो तिच्यावर कुणी लादला नव्हता, पण आपण तो पाळतो हे चारचौघांना दिसावं, असं तिला फार वाटायचं.

त्या वर्षी एक निळा कोट आला. जाडजूड, लांब, बाईने घातला तरी चालेल आणि बाप्याने घातला तरी चालेल असा. आणि कोरा! नव्या कोटाचे खिसे लोंबू नयेत म्हणून शिंपी ते कच्च्या धाग्याने शिवून ठेवतात, ते टाकेसुद्धा तसेच होते. टाचणीने दार लोटलं, टाके उसवले आणि दोन्ही हात खिशांत घातले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. तिच्या स्वतःच्या कोटाला कोपरांवर ठिगळं होती, आणि त्या ठिगळांवर ठिगळं. तिने निळा कोट शेवटच्या खुंटीवर, एका कसर लागलेल्या कोटाच्या खाली दडवला. चार आठवडे तो कुणालाही सापडला नाही.

मग रंगारी आला. भिंती रंगवायचा, म्हणजे शुद्धीत असेल त्या दिवशी. मागच्या वर्षी इथून नेलेला कोट त्याने आठ दिवसांत विकून दारू प्यायली होती. त्याच्या आदल्या वर्षीचा कुठे गेला, हे त्यालाही माहीत नव्हतं. पाळकीणबाई स्वतः खुंट्या चाळत शेवटपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा कुठे लपला होता?"

त्यांनी कोट रंगाऱ्याच्या अंगावर चढवला, त्याची कॉलर नीट केली आणि खालपासून वरपर्यंत एकेक बटण आपल्या हाताने लावलं. कोट गेला ते गेलंच, पण ती बटणं टाचणीला जास्त झोंबली. तिच्या कोटाचं बटण तिच्या आईनंतर कुणी लावलं नव्हतं.

"मागचा विकला त्याने," ती टाचण्यांमधून म्हणाली.

"विकला ना? म्हणजे या वर्षी त्याच्याकडे कोट नाहीच," पाळकीणबाई म्हणाल्या. "आणि लायकी बघूनच द्यायचं झालं तर प्रभूसमोर मला माझा कोटही उतरवून ठेवावा लागेल. टाचणी, बाह्या इंचभर वर घे गं."

टाचणीने बाह्या वर घेतल्या. कोट तिच्याकडे देऊन रंगारी बाहेर बाकावर बसला होता आणि पाळकीणबाई त्याला गरम चहा देत होत्या. स्वतःच्या हाताने! एकोणीस वर्षांत टाचणीने आपला चहा आपणच ओतून घेतला होता. तिचा नुसता तीळपापड झाला. तिने सुईत दुहेरी दोरा ओवला आणि कोटाचे दोन्ही खिसे आतून पक्के शिवून टाकले. बस म्हणावं आता हात चोळत.

पुढचे अकरा दिवस तिला झोप छान लागली. खोटं कशाला सांगा?

बाराव्या दिवशी दुपारी रंगारी दारात उभा. अंगावर निळा कोट, दाढी केलेली, हात थंडीने लाल.

"ताई, एक खिसा उघडून द्या. उजवा. डावा राहू दे."

"का?"

"डाव्यात माझी बाटली असायची. आता ठेवायला जागा नाही, आणि हातात धरून फिरायची लाज वाटते. अकरा दिवस झाले, प्यायलो नाही." तो खाली बघत म्हणाला, "मला आजवर पुष्कळांनी कपडे दिले. पण एवढा विचार करून कुणी शिवलं नाही."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. गप्प राहिली असती तर फुकटचं पुण्य पदरात पडत होतं.

"मी काही विचार केला नव्हता," ती म्हणाली. "हा कोट मला हवा होता. जळून शिवले मी ते खिसे. तुझे हात गारठावेत म्हणून."

रंगाऱ्याने तिच्या कोपरांवरच्या ठिगळांकडे बघितलं. मग त्याने वरचं बटण सोडलं. मग दुसरं.

"हे काय करतोस?"

"घ्या. तुम्हाला हवा होता ना?"

तिने काय केलं होतं, ते त्याने आत्ताच ऐकलं होतं, आणि तरी तो देत होता. देण्यातसुद्धा हा आपल्या पुढे गेला! टाचणी पुन्हा जळली, पण या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सरळ उभा राहा," ती त्याच्यावर खेकसली. तिने कात्रीच्या टोकाने उजवा खिसा उसवला, त्याचा लाल हात धरून आत घातला आणि सुटलेली दोन्ही बटणं स्वतः लावून दिली.